वर बसलेला गाळ

रमजानचा महिनाभर मस्कतच्या त्या हॉटेलातली वाइनची खोली कुलूपबंद होती. ईदनंतर ती खोली सांभाळणाऱ्या प्रसादने स्वतः कुलूप उघडलं. दुपारच्या जेवणाला एका पाहुण्याने चाळीस वर्षं जुनी, फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन मागितली होती. ती बिघडलेली निघाली तर नोकरी विसर, असं मॅनेजरने बजावलं होतं.

खोलीचं कूलिंगचं मशीन बाहेरून बघणारा रत्नागिरीचा मुनीर दाराबाहेरच थांबला. दारूच्या खोलीत तो कधीच पाऊल टाकत नसे.

जुन्या वाइनचा गाळ आडव्या बाटलीत खाली बसतो. प्रसादने टॉर्च मारला. गाळ वरच्या अंगाला, छताकडे चिकटला होता. सगळ्याच बाटल्यांत.

त्याने एक बाटली हळूच फिरवली. गाळ सावकाश सरकत पुन्हा वर गेला.

“मुनीरभाई, इथे कुणी आलं होतं?”

“चावी तुमच्या खिशात, नि विचारताय मला? चला, बाहेर या. इथं उभ्याउभ्या मी गारठलो.”

“आलोच.”

पण पाय जागचे हलेनात. थंडीने बधिर झाले असतील, म्हणून त्याने वाकून बूट आणि मोजा काढला. पाऊल खडूसारखं पांढरं पडलं होतं. नख रुतवलं तरी काही जाणवलं नाही. कान मात्र तापले होते आणि कपाळावरची शीर ठणकत होती.

“मुनीरभाई, जरा हात द्या. एकदाच आत या.”

मुनीरने मोबाइलचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर धरला. सगळं रक्त वर चढून तो वाइनसारखा काळपट लाल झाला होता. मुनीर एक पाऊल मागे सरकला.