पट्टा

गोंदियाच्या दवाखान्यात छातीच्या तपासणीसाठी इंद्रकुमार पटले फिरत्या पट्ट्यावर झपझप चालत होता. "आता पट्ट्याला चढ देतो," डॉक्टर म्हणाले, "चाल तेवढीच, पण मेहनत दुप्पट." दोनच मिनिटांत इंद्रकुमारचा घामटा निघाला, अन् तो दांडी धरून धापा टाकायला लागला.

"घरी असा दम कधी लागतो?"

"जिना चढून राहिलो का लागते जी."

बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोने, शामकलाने, मान खाली घातली. त्यांच्या घराला जिनाच नव्हता. पूर्वी ती जमिनीवर कोसळेपर्यंत त्याच्या हातातला कमरेचा पट्टा थांबत नसे. दिवाळीपासून मात्र पाच-सहा फटक्यांतच त्याला दम लागायचा. तो खाटेवर बसायचा, अन् फुटल्या ओठांनी तीच त्याला पाण्याचा गिलास आणून द्यायची.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "घाबरू नका, बाई. गोळ्या देतो. दोन महिन्यांत पहिल्यासारखे होतील."

शामकलाने हात जोडले.

"पहिल्यासारखे नोको जी, डॉक्टरसाहेब. असेच राहू द्या."