लाल तेवढं ठेवलंय

“सगळं ब्लॅक अँड व्हाइट केलंय, लाल तेवढं ठेवलंय,” फोटोग्राफर ऐटीत म्हणाला. लेकीच्या लग्नातला तो फोटो भास्करराव कौतुकाने न्याहाळू लागले. मांडव राखाडी, पाहुणे राखाडी, मधोमध लेकीचा लालभडक शालू. आणि तिच्या शेजारी त्यांचं स्वतःचं लालभडक तोंड!

लेकीचं लग्न जमलं तर पान खाणं कायमचं सोडू, असं ते आणि कुमुदताई, दोघं नवराबायको, देवीला बोलले होते.

“जनाची नाही, मनाची नाही, निदान देवीची तरी लाज बाळगायची!” कुमुदताई कडाडल्या.

ओशाळलेल्या भास्कररावांची नजर फोटोत लेकीच्या पलीकडे गेली. तिथे कुमुदताई तोंडभर हसत होत्या.

“अगं, आणि हे काय?”

“लिपस्टिक आहे ती!”

“दातांना?”