वीजटिटवी

"मेली," उत्कर्षा म्हणाली. "वीजटिटवी मेली."

टेबलाभोवतीचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले. खांदेश्वरच्या त्या हॉलमध्ये रविवारची दुपार होती, आणि आता कुठे रंगात आलेली लढाई एकदम संपली होती.

खेळ फाशांचा आणि गोष्टीचा. बाकीचे शूरवीर होतात. गोष्ट सांगायची, राक्षस चालवायचे आणि त्यांचा किती जीव उरला ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे लिहून ठेवायचं, हे काम मास्टरचं. आडोशामागे कुणी डोकवायचं नाही, मास्टर म्हणेल ते खरं. सहा वर्षं मास्टर उत्कर्षाच होती, आणि राक्षसही तिचेच असत.

आज पहिल्यांदाच राक्षस दुसऱ्याचा होता. मिस्बाहचा. ती दोनच महिन्यांपूर्वी खेळायला आलेली. द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघते. तिथं एका टिटवीनं जमिनीवरच अंडी घातली होती, आणि कुणी जवळ गेलं की ती पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब न्यायची. त्यावरून मिस्बाहनं विजेचा पक्षी रचला. लंगडत, ठिणग्या सांडत तो शूरवीरांना अंड्यांपासून दूर नेणार, आणि अर्धा जीव गेला की सोंग टाकून आभाळभर वीज होऊन उठणार. हे गुपित तिनं एका कागदावर लिहून मास्टरच्या हवाली केलं. ज्याला राक्षसाचं गुपित ठाऊक, त्यानं त्याच्याशी लढायचं नाही. म्हणून आज ती नुसती बघायला बसली होती.

कागद वाचला तेव्हापासून उत्कर्षाच्या पोटात दुखत होतं. या दुखण्याला ओवा चालत नाही. सहा वर्षांत आपल्याला असलं काही सुचलं नाही, हे तिला कागदाच्या तिसऱ्या ओळीलाच कळलं होतं. त्यात पक्षी नुसता लंगडत पुढे आला, तौहीदच्या तलवारीतून वीज चढून त्याचा हात सुन्न झाला, तर तिचा धाकटा भाऊ यशराज म्हणतो, "ताई, असला राक्षस तू कधी आणलाच नाहीस ना!" आपला माणूस दुसऱ्याचं कौतुक करतो तेव्हा कान फार तिखट होतात.

कागदावर जीव ऐंशी होता. यशराजचे दोन बाण आणि तौहीदचे दोन घाव मिळून पस्तीस झाले होते. चाळीसला सोंग सुटणार होतं. आणखी एक घाव, की सगळे खुर्चीवरून उठले असते. उत्कर्षानं त्याआधीच पक्षी मारला.

"बस?" तौहीद म्हणाला. "एवढाच दम? मला वाटलं आज आपण खलास."

यशराज हसला आणि पक्ष्याला लंगडी कोंबडी म्हणाला. उत्कर्षाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं.

मिस्बाह हसली नाही. तिनं वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक घावाचा आकडा पेन्सिलीनं मांडला होता. बेरीज केली, परत केली, आणि उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा उगाच फासे नीट लावत बसली.

एवढ्यात तौहीदला राहवेना. लढाई संपली, आता लपवण्यासारखं काय उरलंय, एकदा कागद तर बघू, असं म्हणत त्यानं आडोशाकडे हात नेला. ऐंशीच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केलेला होता. तो दिसला, की पुन्हा या टेबलावर उत्कर्षाचं म्हणणं कुणी खरं मानलं नसतं.

मिस्बाहचा हात आधी पोचला. तिनं कागद ओढून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"माझीच गडबड झाली," ती म्हणाली. "ऐंशी लिहायचे होते, तीस लिहिले मी. ताई काय करणार? कागदावर जे आहे तेच चालवणार ना."

तौहीदनं कपाळावर हात मारून घेतला. यशराजनं तिला पुढच्या वेळी आकडे कुणाकडून तरी तपासून घ्यायचा सल्ला दिला. तिनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, कानही पकडले. उत्कर्षाकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

उत्कर्षा वाचली होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, निदान लाज तरी. पण पोटातली कळ उलट वाढलीच. लबाडीसुद्धा हिला आपल्यापेक्षा चांगली जमते, एवढंच तिच्या मनात आलं.