ढिला राहिलेला कनेक्टर

हनुमंताने ताडपत्री ओढून काढली आणि मोटारसायकल चारी बाजूंनी पाहून घेतली. हेडलाइटची काच उरलीच नव्हती. तिच्यामागचा डूम तडकून एका स्क्रूवर लोंबत होता. हँडल वाकडं झालं होतं.

ज्ञानदेवआप्पा मागच्या दाराच्या पायरीवर बसून होते.

"भंगारात द्या म्हणलं हुतं मी," ते म्हणाले. "कशाला उघडतूस?"

"काकूंनी बोलावलंय, आप्पा."

बोलावलं होतं ललिताकाकूंनीच. पोलीस ठाण्यातून सुटून आल्यापासून गाडी परसात उभी होती आणि ती त्यांना बघवत नव्हती. भांडगावचा भाचा न्यायला तयार होता, पण आधी ती चालती करायला हवी होती. हनुमंताचं गॅरेज शिरूरला. तिथून तो नवा डूम घेऊन दौंडला आला होता. हे घर त्याला परकं नव्हतं. आप्पा रेल्वेत वायरमन होते तेव्हा त्यांच्याच हाताखाली तो वायरिंग शिकला होता.

गाडी महेंद्रची. आप्पांचा एकुलता मुलगा, सणसवाडीला कंपनीत कामाला जायचा. गेल्या हिवाळ्यात गाडी पडून हेडलाइट फुटला, तेव्हा आप्पांनी याच परसात बसून नवा डूम बसवला, वायरी जोडल्या. त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, शिरूर रस्त्याला कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर महेंद्र आदळला. जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला माणसं जमली, तेव्हा कुणी काही विचारायच्या आधीच आप्पांनी सांगून टाकलं. कनेक्टर आपल्याच हातून ढिला राहिला असणार, खड्ड्यात निसटला असणार, लाइट गेला असणार. सगळ्यांसमोर सांगितलं आणि खाली बसले.

तेव्हापासून ललिताकाकू नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. ताट वाढायच्या, पुढे सरकवायच्या आणि आत निघून जायच्या. मुलगी, प्रगती, सासरहून आली की आईच्या गळ्यात पडायची आणि बापासमोरून मान खाली घालून जायची. आप्पांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. दिवसभर या पायरीवर बसायचे.

हनुमंताला मात्र ते कधीच पटलं नव्हतं. वायर जोडल्यावर दोनदा ओढून बघायची, हे आप्पांनीच त्याच्या अंगवळणी पाडलं होतं. त्या माणसाने स्वतःच्या मुलाच्या गाडीत कनेक्टर ढिला ठेवला असेल?

काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. आप्पांकडे न बघता हनुमंतापाशी टेकल्या. मग आपणहून सांगायला लागल्या. त्या दिवशी महेंद्र नोकरी सोडून आला होता. एकदा नाही, दोनदा नाही, नेहमीचंच झालं होतं ते. त्यांचा तोल गेला. असला पोरगा असण्यापेक्षा नसलेला बरा, असं त्या बोलून गेल्या. महेंद्र भरल्या ताटावरून उठला आणि गाडी काढून गेला.

"आई बोलतीच की रं," काकू म्हणाल्या. "त्याला काय नवं हुतं का ते? राग उतरला आन् घरीच येत हुता माझा लेक. उजेड असता तर त्याला ट्रॉली दिसली असती."

हनुमंताने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्याने उरलेला स्क्रू सोडवला आणि तडकलेला डूम अलगद पुढे घेतला. आत हात घातला. बल्बच्या पाठीमागचा कनेक्टर बोटांना लागला. ओढून पाहिला. येईना. पुन्हा ओढला. खटका दाबल्याशिवाय तो सुटणारच नव्हता, इतका नीट बसला होता. वायर कुठे तुटली नव्हती, पिना काळ्या पडल्या नव्हत्या. बल्बसुद्धा शाबूत होता. हनुमंताने सोबत आणलेल्या बॅटरीचा करंट मागच्या वायरीला दिला.

बल्ब लख्ख पेटला.

या गाडीला लाइटचं वेगळं बटणच नव्हतं. इंजिन चालू असलं की लाइट चालू.

हनुमंताच्या छातीवरून मोठं ओझं उतरलं. इतके महिने हा माणूस न केलेल्या चुकीची शिक्षा भोगत होता. आता काकू बोलतील. प्रगती बापाजवळ येऊन बसेल. तो घाईघाईने पायरीपाशी गेला.

"आप्पा, कनेक्टर घट्ट हाय. लाइट चालूच हुता. तुमची काहीच चूक न्हाई. थांबा, काकूंना बोलवतो. त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या."

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. पकड सुटेना. आत कपबशा वाजल्या.

"त्याच राती ठाण्यात जाऊन मी हात घालून बघितलं, हनुमंता," ते अगदी हळू म्हणाले. "ती चहा घिऊन यायच्या आत तेवढा ढिला करून ठेव."