लय लिहिलेली नाही

"अजून हळू," काकू म्हणाल्या.

बारकीने व्हायोलिनचा गज पुन्हा तारेवर टेकवला. तिसऱ्या सुरापाशीच गज संपला आणि सूर थरथरून विरला.

"काकू, याहून हळू गेलं तर धून तुटते."

"तुटू दे. ह्यांचंही तेव्हा काही धड राहिलं नव्हतं."

हे म्हणजे काकूंचे यजमान, संगीतकार. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात त्यांची एक कधीच न वाजलेली धून वाजवायची होती. वाद्यवृंदात ते काम बारकीवर आलं. जन्मली तेव्हा जेमतेम ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून आई तिला बारकी म्हणायची. पुढे सगळ्यांनीच तेच उचललं.

धून अगदी छोटी, एका व्हायोलिनसाठी. कागदाच्या माथ्यावर 'ई मायनर' एवढं उदास स्वरपट्टीचं नावच लिहिलेलं. लय लिहिलेली नव्हती, भाव तर नाहीच. ते काकूंना विचारायचं. कागद काकू कपाटाबाहेर फारसा ठेवत नसत, घराबाहेर तर मुळीच जाऊ देत नसत. म्हणून सराव त्यांच्याकडेच.

काकूंना कसलीच शंका नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी पोहायला गेला तो परतलाच नाही. त्यानंतर संगीतकारांनी दार लावून घेतलं आणि ही धून लिहिली.

"जेवायलाही बाहेर यायचे नाहीत. दुपारी मात्र कुठेतरी निघायचे ते दिवेलागणीलाच घरी. मी विचारलं नाही कधी. माणसाला त्याच्या दुःखात थोडं एकटं सोडावं लागतं."

सराव त्या मुलाच्याच खोलीत चालायचा. खुंटीवर त्याचा शर्ट होता. पलंगावरची चादर काकू अजून बदलत असत. वाजवताना पाठीमागे कुणीतरी बसून ऐकतंय, असं बारकीला वाटायचं. वळून पाहिलं की फक्त ती सुरकुती नसलेली चादर.

"सूर चुकला की तू खालचा ओठ चावतेस," काकू एकदा म्हणाल्या. "तोही चावायचा. तुझा जन्म कधीचा गं?"

बारकीने सांगितलं.

"म्हणजे तो गेला त्याच वर्षीचा." काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. बारकीने घाईघाईने व्हायोलिन पेटीत ठेवलं.

घरी तिने हे आईला सांगितलं. घरात दोघीच. आई कपडे दुरुस्त करून द्यायची; दिवसभर तिची शिलाई मशीन चालू असायची.

"सोड ते काम," आई म्हणाली. "पोर गेलेलं घर आहे ते. तिथे फार बसू नये."

"तू कधीपासून असलं मानायला लागलीस?"

आईने सुईत दोरा ओवला आणि मशीन सुरू केली.

बारकीने काम सोडलं नाही. पण धून काही हाती लागेना. काकूंच्या लयीत ती जड दगडासारखी पडून राहायची. बारकीचा हात मात्र पहिल्या दिवसापासून पुढे ओढ घेत होता. तिने तो मोठ्या कष्टाने आवरला होता.

एका दुपारी काकू चहा टाकायला आत गेल्या. बारकीने हाताला आवरायचं सोडलं.

धून उठून चालायला लागली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अलगद झुलत. उदास मायनर तेच होतं, पण त्यात ऊब आली. शेवटच्या दोन ओळींत सूर हसऱ्या मेजरला वळले आणि खोली उजळल्यासारखी झाली.

दारात कपबशी किणकिणली. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही. हातच असा चालतो. काकू, रागावू नका, पण हे रडगाणं नाही. झोके घेतंय ते. अंगाई आहे ही."

"एकोणीस वर्षांच्या घोड्याला अंगाई?" काकू हसल्या. मग ते हसू मध्येच मोडलं. ज्या पलंगावर कधी कुणी बसत नसे, त्यावर त्या मटकन बसल्या.

"पोराला पोचवून आले तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. दगड आहे हा माणूस, असं म्हणत मी जन्म काढला गं. तोंडावर बोलले नाही, पण मनात धरलं. आणि हे आत बसून त्याला झोपवत होते."



"वाजव," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या लयीत वाजव."

तिने ती पुन्हा पुन्हा वाजवली. त्या दिवसापासून काकूंचा आवाजच बदलला. त्यांनी खिडकी उघडली. शर्ट घडी करून कपाटात ठेवला. स्वयंपाकघरातून त्या ती धून गुणगुणताना ऐकू येऊ लागल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी कागद स्वतःहून बारकीच्या हातात दिला.

"घेऊन जा घरी. मला आता तो जपून ठेवायला नको."

घरी आल्यावर बारकीने कागद खिडकीपाशी लावला. पलीकडे आईची मशीन खडखडत होती. बारकीने काही सांगितलं नाही, नुसतं वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला मशीन थांबली.

बारकीने धून पुरी केली, गज खाली घेतला आणि वळून पाहिलं. आई दारात उभी होती. हातातला शिवायचा कपडा जमिनीवर लोळत होता.

"शेवटच्या दोन ओळी आज पहिल्यांदा ऐकल्या," आई म्हणाली. "दुपारी तिथवर येईतो तू झोपलेली असायचीस, आणि ते वाजवायचे थांबायचे."