मैदानाचं आरक्षण

नत्थूजींनी प्रताप नगरात प्लॉट घेतला, तेव्हा त्यांचा रजत पाळण्यात होता. रजिस्ट्री झाल्यावर कळलं, की शहराच्या आराखड्यात त्या जागेवर मुलांच्या मैदानाचं आरक्षण आहे. मैदान कधी झालं नाही आणि घर बांधायची परवानगीही कधी मिळाली नाही. समोरच्याच भाड्याच्या दोन खोल्यांतून नत्थूजी तीस वर्षं आपल्या प्लॉटवरचं गवत पाहत राहिले. अर्जामागून अर्ज करून झाले.

शेवटी त्यांची बायको रुख्मिणीच वैतागून म्हणाली, "मैदानात खेळाले आता पोरं कुठं राहिले जी इथं? तेच लिहा ना अर्जात."

नत्थूजींनी तेच लिहिलं. लेआउटमधली पोरं शिकून पुण्या-बंगलोरला गेली, आमचा रजतही गेला. मागे आम्ही म्हातारी माणसंच उरलो, मग मैदान कोणासाठी?

आठ महिन्यांनी सदर भागातल्या नगररचना ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलामागच्या मॅडम फाइल उघडून म्हणाल्या, "काका, तुमचं म्हणणं साहेबांना पूर्ण पटलं. मैदानाचं आरक्षण उठलं."

नत्थूजींनी तिथूनच घरी फोन लावला. "ऐकून राहिली ना वं? आता बांधू आपलं घर."

फोन कानालाच होता, तेव्हा मॅडमनी पुढचं पान उलटलं.

 

"आता त्या जागेवर ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राचं आरक्षण टाकलंय, काका. तुम्हीच लिहिलं होतं ना, तिथं आता म्हातारी माणसंच उरलीत म्हणून."