राजेंद्र मेश्रामचा शेरा

पत्र्याच्या खोलीत हीटर लावून पारा पंचावन्नवर नेला होता. कानांवर नवा संच चढवून राजेंद्र मेश्राम आत घामानं निथळत होता. सकाळी हाच संच घालून तो बर्फाच्या कारखान्यात दोन तास कुडकुडला होता.

संचानं बंदुकीचा आवाज अडवायचा आणि वायरलेसवरचं बोलणं तेवढं आत सोडायचं. संच बनवणाऱ्या कंपनीची इंजिनियर अंजना बाहेरून माईकवर शब्द बोलायची, राजेंद्रनं ते लिहायचे.

पिंपात सुतळी बॉम्ब फुटला. राजेंद्रच्या कानाला काही म्हणजे काही झालं नाही. लगेच अंजनाचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. "नाला. डोंगर. पाणी."

राजेंद्रनं कागद कोराच ठेवला.

अठ्ठावीस वर्षं पोलिसांच्या वायरलेसवर काढून निवृत्त झालेला माणूस. बालाघाटात त्याच्या कानांवर कुणी शंका घेत नसे. हे दहा संच बैहरच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या मागावर जाणाऱ्या पोलीस तुकडीसाठी होते, आणि त्या तुकडीत त्याचा एकुलता एक मोहित होता. राजेंद्रच्या काळात वायरलेसवाल्यानं 'ठीक' लिहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. संच नापास झाला की तुकडी अडकली. दुसरे संच येईतोवर पावसाळा लागेल, मग बघू. देशसेवेच्या गोष्टी त्यानं जन्मभर सांगितल्या, पण पोटचं पोर निघालं तशा त्या घशातच अडकल्या.

"काका, एकबी शब्द नाही?" अंजनानं दार उघडून विचारलं.

"नाही बाई. निसती खरखर."

"अन् सकाळी बर्फात?"

"थितंबी तसंच. पोरायच्या जिवाचा सवाल हाये, मी खोटं काहून सांगू?"

अंजनाचा चेहरा उतरला. दोन वर्षं तिनं या संचापायी रक्त आटवलं होतं. राजेंद्रला तिची दया आली, लाजही वाटली. तरी त्यानं 'नापास' लिहून सही ठोकली.

"तुमी म्हणता तं तसंच असन," ती म्हणाली आणि कागदाचा फोटो तिथूनच तुकडीच्या साहेबांना पाठवला.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "गीता, आपला मोहित आता महिनाभर कुठीच नाही जात." कॅम्पातल्या मोहितचा फोन लागला नाही, पण तो नेहमीच लागत नसे. कितीतरी दिवसांनी गीता पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंजना दारात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"काका, तुकडी कालच सांजी गेली."

"कशी जाईल? संच तं नापास झाले!"

"जायचं तं ठरलंच होतं. नवे सेट गाडीत चढवले होते. तुमचा शेरा आला, तसे उतरवून जुने देले."

राजेंद्रनं विचारलं, "अन् मोहित?"

"सकाळी पुढं धोका दिसला. वायरलेसवर सांगितलं, परत या. नऊ जण फिरले, काका. मोहितच्या जुन्या सेटात निसती खरखर होती, त्याले ते ऐकूच नाही गेलं."